जुन्या घाटाच्या गिटारला खोटी म्हणू नका

जुन्या घाटाची गिटार नव्या पद्धतीने बांधली की ती खोटी ठरते, असं म्हणणाऱ्यांशी मला भांडायचं आहे. हे मत हल्ली सगळीकडे ऐकू येतं: वाद्यांच्या दुकानात, शिकवणीत, चार वाजवणारे एकत्र बसले की तिथे. त्यांचं म्हणणं साधारण असं. १९३० च्या दशकातल्या अमेरिकन गिटारचा उतरता खांदा घ्यायचा, तिची पिवळसर झाक घ्यायची, कडेची नक्षी घ्यायची आणि आत मात्र भट्टीत भाजलेलं लाकूड, यंत्राने कापलेल्या पट्ट्या, मान सरळ ठेवणारा पोलादी ट्रस रॉड आणि बोल्टने जोडलेली मान बसवायची, ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. जुनं हवं असेल तर खरं जुनं घ्या, नाहीतर सरळ नव्या रूपाचं नवं घ्या. मधलं काही घेऊ नका.

मी राहतो उमापूरला, गेवराई तालुक्यात. गावात गिटार वाजवणारी पोरं आहेत, त्यांना बसवतो आणि सप्ताहात पखवाजावरही बसतो. इथून पाहिलं की ते मत नुसतं चुकीचं वाटत नाही, अन्यायाचं वाटतं. कारण जे ‘मधलं’ नको म्हणून सांगितलं जातंय, तेच आमच्यासारख्यांच्या हातात टिकणारं एकमेव वाद्य आहे. पण अन्यायाचं पुढे बघू. आधी खरं-खोट्याचंच बघू, कारण त्या कसोटीवरही हे मत उभं राहत नाही.

ज्या जुन्या गिटारला शुद्ध म्हणतात, ती शुद्ध कधी होती? मार्टिन कंपनीचं उदाहरण घेतो, कारण या वादात दाखला तिचाच दिला जातो. पेन्सिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावात ती गिटार बनवत आली. वरच्या फळीला आतून फुलीच्या आकारात आधारपट्ट्या लावायची पद्धत तिथे १८४० च्या दशकात रुजली, आणि तेव्हा गिटारवर आतड्याच्या तारा होत्या. पोलादी तारा नंतर आल्या. त्यांचा ओढा कितीतरी जास्त, आणि तो ओढा ही फुली पेलू शकली म्हणून ती टिकली. म्हणजे आज जिला अस्सल मानतात त्या बांधणीचा कणाच एका वेगळ्या तारेसाठी घडवलेला होता. १९२९ साली पेरी बेक्टल नावाच्या बँजोवादकाला मानेवर जास्त पडदे मोकळे हवे होते, म्हणून कंपनीने चौदा पडदे अंगाबाहेर येतील अशी मान केली. तोवर बारा पडद्यांची चाल होती. एका बँजोवाल्याच्या मागणीवरून बदललेली ती मान आज परंपरा म्हणून पूजली जाते. ड्रेडनॉट हा रुंद, खोल घाट मार्टिननेच १९१६ मध्ये ऑलिव्हर डिटसन कंपनीसाठी बनवला, आपल्या नावाने विकायला काढला तो १९३१ मध्ये, आणि १९३४ पासून त्यालाही चौदा पडद्यांची मान मिळाली.

आणि मग युद्ध आलं. दुसऱ्या महायुद्धात पोलादाचा तुटवडा झाला, तेव्हा मार्टिनने मानेच्या आतली पोलादी पट्टी काढून तिथे आबनुसाची कांब घातली. गिब्सनच्या कित्येक गिटार त्या काळात ट्रस रॉडशिवायच बाहेर पडल्या. आज संग्राहक याच युद्धकाळातल्या गिटारसाठी लाखो रुपये मोजतात. मोजोत. पण जी गोष्ट टंचाईतून झाली तिला हेतू चिकटवून शुद्धतेचं माप म्हणून आमच्यापुढे ठेवू नका. कारागिराकडे पोलाद असतं तर त्याने पोलादच घातलं असतं, आणि युद्ध संपल्यावर त्याने तेच केलं.

सगळ्यात मोठी गोष्ट त्या आधारपट्ट्यांची. १९४४ पर्यंत मार्टिनचे कारागीर वरच्या फळीखालच्या पट्ट्या मधे मधे खोदून हलक्या करत. फळी मोकळी हलायची, नाद भरदार यायचा. पण लोक जाड तारा चढवू लागले, फळ्या फुगू लागल्या, दुरुस्तीला गिटार परत येऊ लागल्या आणि कंपनीने खोदकाम बंद केलं. पुढची तीसेक वर्षं मार्टिनच्या नियमित गिटारमध्ये पट्ट्या सरळ, जड राहिल्या. १९७६ मध्ये एचडी-२८ या गिटारमधून खोदलेल्या पट्ट्या परत आल्या. आता सांगा, ही १९७६ ची गिटार कोणत्या खात्यात टाकायची? जुन्या वळणाची, पण नव्या कारखान्यात, नव्या माणसांनी बांधलेली. मूळ कंपनीनेच जुन्याकडे परत जाऊन नवं वाद्य घडवलं. ते सोंग असेल तर गेल्या पन्नास वर्षांतलं गिटारचं निम्मं चांगलं काम सोंगच म्हणावं लागेल.

यावर उत्तर येतं की कागदावरचा इतिहास राहू द्या, कान काय सांगतो ते बघा. जुनं लाकूड बोलतं, नवं बोलत नाही.

कानाचीच साक्ष काढू. २०१० मध्ये इंडियानापोलिसच्या एका हॉटेलात क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांनी एकवीस व्हायोलिनवादकांपुढे सहा व्हायोलिनं ठेवली. तीन नवी, तीन जुनी. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हरी आणि एक ग्वार्नेरी. खोलीत अंधुक उजेड, वादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगचे चष्मे. बहुतेकांनी आवडीचं म्हणून नवं व्हायोलिन उचललं, आणि सगळ्यात कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हरीला. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. गिटारचीही अशी परीक्षा झाली आहे. इंग्लंडातल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एकाच कारागिराकडून सहा गिटार बांधून घेतल्या. बाकी सगळं होता होईल तितकं सारखं, फरक फक्त पाठीच्या आणि बाजूच्या लाकडाचा. ब्राझिलियन रोजवूड, भारतीय रोजवूड, महोगनी, मेपल, सापेली, अक्रोड. बावन्न गिटारवादकांनी त्या न बघता वाजवल्या. गुणांत नाव घेण्याजोगा फरक पडला नाही आणि कुठली कुठली हेही त्यांना खात्रीने ओळखता आलं नाही. हा निष्कर्ष २०१८ चा.

या चाचण्यांतून काय निघतं आणि काय निघत नाही, हे नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर मीही समोरच्यासारखाच ढोबळ बोलेन. लँकेस्टरच्या परीक्षेने पाठीच्या लाकडाचा प्रश्न सोडवला, वरच्या फळीचा नाही. वरची फळी आणि तिच्या आधारपट्ट्या यांवर नाद फार मोठ्या प्रमाणात ठरतो, आणि तिथे लाकडाची जात, जाडी, वय सगळ्याचा परिणाम होतो. वयाने लाकूड बदलतं हेही खरं. त्यातला हेमिसेल्युलोज हळूहळू झिजतो, फळी हलकी होते आणि हवेतली ओल कमी पिते. पण हाच बदल प्राणवायू जवळपास नसलेल्या भट्टीत, दीडशे ते दोनशे अंशांच्या आसपास लाकूड भाजून काही तासांत बराचसा घडवता येतो. भाजलेलं लाकूड थोडं ठिसूळ होतं, त्यामुळे कारागिराला ते जपून वापरावं लागतं. एवढा तोटा धरूनही, काळाने केलेलं काम आणि भट्टीने केलेलं काम यांत लाकडाला फार भेद उरत नाही. भेद आपल्या मनात उरतो.

आणखी एक गोष्ट जुन्याचे भक्त लक्षातच घेत नाहीत. १९३५ साली बनलेल्या सगळ्याच गिटार चांगल्या नव्हत्या. ज्या बऱ्या वाजत नव्हत्या त्या कधीच मोडीत निघाल्या, माळ्यावर सडल्या. ज्या चांगल्या होत्या त्यांना लोकांनी जपलं, म्हणून त्या आज आपल्यापुढे आहेत. निवडून उरलेल्यांची तुलना आज दुकानात टांगलेल्या सगळ्यांशी करायची, ही परीक्षाच वाकडी आहे. शिवाय नव्वद वर्षांची जी गिटार आज मंचावर वाजते तिचे पडदे बहुधा दोन-तीनदा बदललेले असतात, ब्रिज उखडून पुन्हा बसवलेला असतो, मान वाफेवर सैल करून नव्या कोनात जोडलेली असते. कालपरवाच्या कारागिराच्या हाताशिवाय ती वाजलीच नसती.

आपल्याकडची तंबोऱ्याची गोष्ट आठवते. तंबोऱ्याचा तो गुंजणारा, पसरत जाणारा नाद कुठून येतो, यावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरच्या आपल्या निबंधात लिहिलं होतं. घोडीचा माथा सपाट नसून हलक्या उताराचा असतो, तार त्यावर घासत घासत सुटते आणि खालचा दोरा तिचा स्पर्श नेमका साधतो. हे सगळं मिळून नादातले वरचे अंश उजळतात. जवारी काढणं म्हणतात ते हेच. आणि जवारी कायमची राहत नाही. तारेने घोडीला चर पडतात, कानस घेऊन तो उतार पुन्हा साधावा लागतो. म्हणजे शंभर वर्षांच्या तंबोऱ्यातला जो नाद ऐकून आपण डोळे मिटतो, तो गेल्या वर्षी कुणीतरी घोडीवर फिरवलेल्या कानशीचा आहे. भोपळा जुना, दांडी जुनी, नाद मात्र ताजा.

आता आमच्या भागाकडे वळतो, कारण शहरातल्या लेखांत हवामानाचं नावही येत नाही. गिटारच्या लाकडाला पन्नास टक्क्यांच्या आगेमागे दमट हवा मानवते. मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली ओल वीस-पंचवीस टक्क्यांवर येते, पारा चाळिसावर जातो. आणि जून-जुलैत पाऊस लागला की तीच हवा ओलीचिंब. इथली वाद्यं वातानुकूलित खोलीत राहत नाहीत. ती पत्र्याखाली, भिंतीच्या खिळ्याला टांगून किंवा पलंगाखाली कापडात गुंडाळून राहतात.

मेमध्ये गिटार हातात घ्या आणि मानेच्या कडेने बोट फिरवा. पडद्यांची टोकं बोटाला टोचतात, कारण लाकूड आक्रसलं आणि धातू होता तिथेच राहिला. फळीकडे तिरकं पाहिलं की ती छिद्राजवळ किंचित बसलेली दिसते. तारा पडद्यांना लागून खरखर करतात. आणि नशीब वाईट असेल तर ब्रिजच्या मागे, लाकडाच्या रेषेत, केसासारखी एक चीर उठते. ऑगस्टमध्ये सगळं उलटं. फळी फुगते, तारा वर उचलल्या जातात, नवशिक्या पोराची बोटं चार मिनिटांत सोलतात. त्या पोराला वाटतं, आपल्या हातात दम नाही. गिटार सुटते ती इथेच.

सहा पोलादी तारा मिळून सत्तर-पंचाहत्तर किलोचा ओढा मानेवर टाकतात. मोठा माणूस खांद्यावर बसावा तसा हा भार, दिवसरात्र. त्याला तोंड देण्यासाठी मानेत ट्रस रॉड असतो. गिब्सनच्या कारखान्यात ही कळ १९२० च्या दशकातच निघाली, मार्टिनने फिरवता येणारा रॉड मात्र १९८५ मध्ये घेतला. त्याआधीच्या मार्टिनची मान वाकली तर कारागिराकडेच जावं लागे. आमच्या इथून तसा कारागीर गाठायचा म्हणजे पुणं किंवा मुंबई. फिरणारा रॉड असेल तर सहा कोनी चावी घालून पाव फेरा, मग दोन तास थांबून पुन्हा बघायचं, गरज असेल तर आणखी थोडं. हे मी पंधरा वर्षांच्या मुलींना शिकवलेलं आहे आणि त्या माझ्यापेक्षा हलक्या हाताने करतात. रॉड फळीचा फुगवटा बसवत नाही, एवढं समजावून द्यावं लागतं. त्यासाठी ब्रिजवरची पट्टी थोडी घासावी लागते किंवा पावसाळ्यासाठी वेगळी पट्टी ठेवावी लागते. पण मानेचं दुखणं घरच्या घरी बरं होतं. ज्या नव्या बांधणीला खोटेपणा म्हणतात, तिने या मुलींना त्यांच्या वाद्याची मालकीण केलं आहे.

पाठ आणि बाजू प्लायच्या असल्या म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ. वरची फळी अखंड लाकडाची आणि मागचं प्लायचं, ही आमच्या हवेसाठी उत्तम जोडी आहे. प्लायचे पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे उन्हाने ते तडकत नाही. लँकेस्टरच्या परीक्षेत प्लाय नव्हतं, तेव्हा ती साक्ष इथे तशीच लावत नाही. पण पाठीचं लाकूड बदलून बावन्न वादकांना नादातला फरक पकडता येत नसेल, तर पाठीच्या लाकडासाठी घरदार गहाण ठेवण्याचा सल्ला तरी कुणी देऊ नये.

हा वाद फक्त गिटारचा आहे असंही नाही. आमच्या भजनी मंडळाचा पखवाज बघा. पूर्वी पुड्या चामड्याच्या वादीने ताणलेल्या असत, वादीखाली लाकडी गठ्ठे, आणि स्वर लावायचा म्हणजे हातोडीने गठ्ठे ठोकत बसायचं. वादी उन्हात कडक, पावसात ढिली. दिंडीत चालता चालता पाऊस आला की पखवाज बसलाच. आज गावोगावच्या मंडळांत नट-बोल्टचा पखवाज आहे. पुडीभोवती लोखंडी कडं, त्याला बोल्ट, पान्याने एकेक पिळायचा, चारी बाजू सारख्या करायच्या, की झाला स्वर. बाकी सगळं जुनंच. एका पुडीवर शाई, दुसरीवर, म्हणजे धुमेवर, वाजवायच्या आधी मळलेल्या कणकेचा गोळा थापायचा, पाण्याच्या हाताने पसरायचा, घुमार हवा तेवढा आला की थांबायचं, आणि कीर्तन संपल्यावर खरवडून काढायचा. ती कणीक आजही हातानेच लागते, तिला बोल्ट नाही. बोल्टचा पखवाज वजनाला जड आहे, एकल वादन करणारे अजून वादीचाच पसंत करतात, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. पण काकड्याला उभ्या राहिलेल्या मृदंगाचार्यांना कुणी म्हणालं का, की तुमचं वाद्य नकली आहे? कुणी म्हणणार नाही. कारण तिथे वाद्य गावाच्या रोजच्या कामाला येतं, काचेच्या कपाटात बसत नाही.

जुन्याची बाजू घेणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. यंत्र आणि भट्टी आली की हाताची कला मरते, असं ते म्हणतात. याचं उत्तर मिरजेत शोधावं. तिथल्या सतारमेकर गल्लीतली घराणी शिकलगारांची. एकोणिसाव्या शतकात त्यांचा मूळ धंदा शस्त्रांना धार लावण्याचा. तलवारींचा काळ सरला तसे फरीदसाहेब शिकलगारांसारखे कसबी हात सतार-तंबोऱ्यांकडे वळले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई मिरजेत राहिले, त्यांच्या कानाची अपेक्षा आणि या कारागिरांचा हात एकमेकांवर घासून वाद्य सुधारत गेलं. म्हणजे ज्या परंपरेला आपण आज वारसा म्हणतो, तिचा पायाच धंदा बदलण्याच्या धीटपणावर आहे. घोडीसाठी पूर्वी सांबरशिंग वापरत. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं आणि कारागीर दुसऱ्या पदार्थांकडे गेले. भोपळे अजून पंढरपूरच्या बाजूने येतात, जवारी अजून हातानेच निघते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते मानांकन सांबरशिंगाशिवायच्या वाद्याला मिळालं. कला मेली ती कुठे? हत्यार बदललं, पदार्थ बदलला, आणि ज्या ठिकाणी हाताशिवाय चालत नाही तिथे हात राहिला. कला खरोखर मरते ती गिऱ्हाईक संपल्यावर. आणि ज्या गावांत वाद्यं तडकतात, तिथलं गिऱ्हाईक सगळ्यात आधी संपतं.

जंगलाचाही हिशेब आहे, तो थोडक्यात सांगतो. जुन्या गिटारच्या पाठीचं ते प्रसिद्ध ब्राझिलियन रोजवूड तोडून तोडून संपत आलं आणि १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आहे. त्याआधीच, १९६९ मध्ये, मार्टिनने भारतीय रोजवूड घेतलं, आपल्या दक्षिणेकडचं शिसव. आज जगभरातल्या हजारो गिटारच्या पाठी कर्नाटक, केरळच्या झाडांच्या आहेत. २०१७ मध्ये रोजवूडच्या सगळ्याच जातींच्या व्यापारावर निर्बंध आले, २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. खऱ्या जुन्याचाच आग्रह धरायचा तर तो आग्रह शेवटी कुठल्या तरी डोंगराच्या उघड्या बोडक्या उतारावर जाऊन पोहोचतो.

आता जिथे समोरचे बरोबर आहेत ते मान्य करतो. नव्या गिटारवर मुद्दाम ओरखडे पाडून, वॉर्निश झिजवून, कुणी पन्नास वर्षं वाजवली असा भास निर्माण करणं मला अजिबात मान्य नाही. तो घाट नव्हे, ते नाटक. ज्याने वाजवलं नाही त्याच्या बोटांची झीज विकत मिळता कामा नये. सरसाबद्दलही त्यांचं बरोबर आहे. जनावराच्या कातड्याचा जुना सरस कडक सुकतो, कोरड्या उन्हात ढिला पडत नाही, आणि गरम पाणी व वाफ दिली की सांधा सुटतो, पुढच्या पिढीचा कारागीर तो उघडू शकतो. पांढरा गोंद उन्हात सरकतो आणि एपॉक्सी तर सहजी सुटत नाही. म्हणून ब्रिज चिकटवताना सरस वापरणारे आजचे कारखाने शहाणे आहेत असं मी म्हणेन, ओलीला तो कच्चा आहे हे गृहीत धरूनही. पण दुरुस्तीचाच निकष लावायचा तर बोल्टच्या मानेला पूर्ण गुण द्यावे लागतात. टेलर कंपनीने १९९९ मध्ये आणलेल्या मानेत बोल्ट सोडले की मान हातात येते, पातळ पट्ट्या बदलून कोन नेमका साधता येतो. जुन्या कुसाच्या सांध्याची मान काढायला वेळ आणि वाफेचं यंत्र लागतं. पुन्हा उघडता येणं हाच चांगल्या बांधणीचा गुण मानत असाल, तर हा गुण जुन्यात थोडा आणि नव्यात जास्त आहे.

दुसऱ्या टोकाचेही काही आहेत. ते म्हणतात, बांधणी नवीच आहे तर रूप तरी जुनं कशाला? नव्या माणसाला नवं रूप द्या. त्यांना वाटतं जुना घाट म्हणजे आठवणींचा व्यापार. तसं नाही. गिटारचा घाट हाही बांधणीचाच भाग आहे. बारा पडद्यांच्या जुन्या मानेमुळे ब्रिज खालच्या फुगवट्याच्या मधोमध येतो, फळी तिथे सगळ्यात मोकळी असते, नाद गोल आणि उबदार निघतो. लहान अंगाच्या, कमरेत बारीक जुन्या गिटारमध्ये हवा कमी असते, खर्ज कमी घुमतो, म्हणून गाणाऱ्याचा आवाज तिच्याखाली दबत नाही. आणि आमच्याकडचं सांगायचं तर, इथे गिटार खुर्चीवर बसून नाही, सतरंजीवर मांडी घालून वाजवतात. ड्रेडनॉटचा खोल पेटारा मांडीवर घेतला की उजवा खांदा वर चढतो, तासाभरात पाठ धरते. शंभर वर्षांपूर्वीचा लहान घाट मांडीत बसतो, हात त्याच्यावरून सहज उतरतो. पेटीशेजारी बसून अभंगाला साथ करायची असेल तर मी मुलांना नेहमी तोच घाट घ्यायला सांगतो. तो जुना आहे म्हणून नव्हे, तर तो आमच्या बसण्याला आणि आमच्या गाण्याला जमतो म्हणून.

तेव्हा भांडण करायचंच असेल तर ते घाटाशी करू नका आणि बांधणीशीही करू नका. भांडा ते न सांगता विकण्याशी. पाठ अखंड लाकडाची की प्लायची, फळी भाजलेली की साधी, ट्रस रॉड एकाच दिशेने फिरणारा की दोन्ही, मान बोल्टची की कुसाची, हे छिद्रातून वाचता येईल अशा कागदावर मराठीत छापून आत चिकटवलेलं असलं पाहिजे. माझ्या एका विद्यार्थ्याने जिल्ह्याबाहेरच्या दुकानातून गिटार आणली तेव्हा आत नुसतं एक नक्षीदार लेबल होतं आणि रॉडची चावी खोक्यात नव्हतीच. दुकानदाराला विचारलं तर त्याला ती कशाला लागते हेच ठाऊक नव्हतं. त्या पोराची गिटार पहिल्याच पावसात वाकली, आणि मापाची चावी सायकलच्या दुकानात सापडेपर्यंत आषाढ संपला. जे स्वतःला वाद्यांचे रखवालदार म्हणवतात त्यांनी या चावीसाठी आवाज उठवावा, दुकानदारांना जाब विचारावा, गिटार विकताना ती गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवून एकदा फिरवून दाखवण्याची सक्ती करायला लावावी. त्यासाठी उमापुरातून पहिली सही माझी घ्या.